अनुभव धागा: गरिबांच्या संस्थेत कायद्याची बाजू सांभाळताना

गरिबी निवारणाच्या संस्थेत वकिलांची तुकडी सांभाळलेल्या सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं. निकालाची बातमी होते. कोणती केस घ्यायची आणि कुठे थांबायचं, हे ठरवणाऱ्याच्या मनात काय चालतं ते कुणी लिहीत नाही. सुरुवात मीच करते.

बारा कुटुंबांना घराबाहेर काढायला निघाले होते. स्थगिती मिळाली, मग दोन वर्षं तारखाच तारखा. निकाल आमच्या बाजूने लागेल अशी चिन्हं दिसू लागली आणि समोरून तडजोड आली: पर्यायी घरं देतो, केस मागे घ्या. माझे सहकारी निकालावर अडून बसले, कारण तो पुढे कितीतरी कुटुंबांच्या कामी आला असता. मलाही तो हवा होता, अगदी मनापासून. पण पक्षकार आम्ही नव्हतो. सगळ्यांना बोलावून मसुदा वाचून दाखवला. सर्वांत वयस्कर आजींनी कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "किल्ली कधी देणार, ते यात कुठंय?" कुठेच नव्हतं! चार वकिलांच्या नजरेतून सुटलं होतं. तारीख घालून घेतली, न चुकता पाळण्याची हमी न्यायालयात नोंदवली आणि तडजोड केली.

दक्षिण आफ्रिकेतला ग्रूटबूम खटला घराच्या हक्कासाठी जगभर शिकवला जातो. निकाल २००० सालचा, बेघरांच्या बाजूने. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्या आयरीन ग्रूटबूम २००८ मध्ये वारल्या, तेव्हाही झोपडीतच राहत होत्या. केस घेताना मला त्या आठवतात.

*

माझा अनुभव एका पाकिटाचा. एका बाईंचा निर्वाह भत्ता अचानक बंद झाला. अपिलाची मुदत दोन दिवसांनी उलटलेली. त्यांनी पिशवीतले सगळे कागद टेबलावर ओतले, त्यात नोटिशीचं फाटलेलं पाकीट निघालं. नोटिशीवरची तारीख आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का यांत नऊ दिवसांचं अंतर! त्या शिक्क्यावर विलंबमाफी मिळाली. पुढे मुख्य सुनावणीत आम्ही गोल्डबर्ग विरुद्ध केलीचा दाखला दिला: मदत तोडण्याआधी माणसाचं ऐकून घ्या, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० सालीच सांगितलंय. आमच्यावर तो बंधनकारक नव्हता, पण न्यायाधीशांनी मुद्दा लक्षपूर्वक ऐकला. भत्ता सुरू झाला. तेव्हापासून नव्या वकिलाला मी पहिल्या दिवशी सांगतो, पाकीट फेकायचं नाही.

*

मला सगळ्यांत जड जातं ते "नाही" म्हणणं. माणसं चार, दारात रांग. नाही म्हणायचंच असेल तर त्याच दिवशी म्हणावं, आणि मुदत कधी संपते ते कागदावर लिहून द्यावं. आम्ही एकाला तीन आठवडे "बघतो" म्हणत राहिलो आणि त्याची मुदत गेली. चूक माझी होती, मी त्याच्या घरी जाऊन तसं सांगितलं.

*

मजुरी थकवणारा कंत्राटदार आमच्या मोठ्या देणगीदाराचाच निघाला. विश्वस्तांनी मला बोलावून घेतलं. मी एवढंच म्हणाले, की वकीलपत्रावर मजुरांचे अंगठे आहेत, देणगीदाराचा नाही. केस चालवली. देणगी गेली, दोन सहकाऱ्यांचे पगार अर्धे झाले, त्यातली एक सोडून गेली. मजुरांचे पैसे मिळाले. ती मात्र अजून माझ्याशी बोलत नाही.