चर्चमधे आल्तारापाशी (वेदीपाशी) तिरंगा: देशप्रेम की दाखवणं?

कॅम्पातला: काल आपल्या बेळगावच्या ख्रिस्ती ग्रुपवर एकानं टाकलं, "आल्तारापाशी तिरंगा ज्यांना खुपतो त्यांनी व्हॅटिकनला जावं." गप बसवंना म्हणून लिहालोय. १५ ऑगस्ट म्हणजे मरियामातेचं स्वर्गारोहण, मोठा सण. आधी मिस्सा (चर्चमधली उपासना), मग बाहेर आवारात झेंडावंदन, लहानपणापासून असंच बघितलंय आणि जनगणमन मीच सगळ्यात मोठ्यानं म्हणतो. यंदा झेंडा चर्चच्या आत, प्रवचन सगळं सैनिकांवर, मरियामाता कुठल्या कुठं! शेजाऱ्यांना दाखवायला चाललंय हे.

फौजीची पोरगी: दाखवायला? माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, नोकरीत असतानाच गेले. पेटी चर्चला आली ती तिरंग्यातच. तेव्हा कुणाला खुपलं नव्हतं.

कॅम्पातला: ताई, बाबांबद्दल मी एक शब्द काढलाय का?

खानापूरकर: तिरंग्याचं सोडा हो, १ नोव्हेंबरचं बोला! सर्व संतांचा सण, आणि आमच्याकडं कर्नाटकाचा लाल-पिवळा झेंडा लावून कन्नडमधे मिस्सा. आमचा मराठी भाग त्या दिवशी कन्नड राज्यात घातला म्हणून आई काळी फीत लावून काळा दिवस पाळायची, आम्ही काय टाळ्या वाजवायच्या?

शहापूरवाला: आला काळा दिवस! १९५६ ची गोष्ट ती, जुनी झाली की रे आता. माझी बायको धारवाडची, तुमच्या मराठी मिस्सेत काय कळंना म्हणून नुसती माळ ओढत बसते. आणि तुझ्या पोरांना 'आमच्या बापा' ही प्रार्थना मराठीत येते का?

खानापूरकर: पोरांना मधे आणू नको.

शहापूरवाला: म्हणजे येत नाही.

खानापूरकर: नाही येत. झालं समाधान? इंग्लिश मीडियमला तुझी पण आहेत.

मेथडिस्ट: भाषेवरनं उतरा जरा. हिटलरच्या काळात जर्मनीत चर्चमधे स्वस्तिकाचे झेंडे लागले, चर्चला असं सत्तेच्या दावणीला बांधण्याविरुद्ध पाळकांना १९३४ मधे बार्मेनला जाहीरनामा काढावा लागला. आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक काय कमी देशभक्त होते? पण त्यांची भजनं ख्रिस्ताचीच.

सिस्टरची भाची: जर्मनीत ख्रिस्ती बहुसंख्य होते हो, तिथं झेंडा म्हणजे सत्ता. आपण मूठभर, आपल्याला झेंडा म्हणजे आधारकार्ड. २०२१ च्या डिसेंबरात इथंच बेळगावच्या सुवर्णसौधात (कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीत) धर्मांतरबंदीचं बिल विधानसभेत पास झालं, त्यानंतर घरमालकानं आमची बुधवारची प्रार्थना बंद करायला लावली. नंतर मीच दारावर तिरंगा लावला. प्रेमानं लावला की भीतीनं, मलाच सांगता येणार नाही.

कॅम्पातला: ...हे मान्य. पण देवापुढं कशाला आधारकार्ड?

फौजीची पोरगी: बरं बाबा, पुढच्या वर्षी आवारात लावा. पाऊस आला तर मी आत आणणार, आधीच सांगालोय.

कॅम्पातला: सांगालोय नव्हे, सांगालेय! आणि आणा, पण दाराशी ठेवा.