शब्दचर्चा : दक्षिण आफ्रिकेतली 'माफी' की 'अभय'?

प्रश्न : वर्णभेदाच्या काळातले अत्याचार तपासणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगाबद्दल लिहिताना, गुन्हेगारांना खटल्यातून सूट देणाऱ्या 'अ‍ॅम्नेस्टी'ला 'सार्वत्रिक माफी' म्हणावे का?

— नको. सार्वत्रिक म्हणजे सरसकट. १९९५ च्या कायद्यानुसार तिथे प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करायचा होता. कृत्य १ मार्च १९६० ते १० मे १९९४ मधले हवे, हेतू राजकीय हवा आणि संपूर्ण हकिगत सांगायला हवी. ७,११२ अर्जांपैकी ८४९ मंजूर झाले. वर्णभेदविरोधी नेते क्रिस हानी यांच्या मारेकऱ्यांना नकार मिळाला, कारण त्यांनी सगळे सांगितले नाही. पश्चात्तापाची अट मात्र नव्हती, त्यामुळे 'क्षमा'ही बसत नाही. क्षमा पीडिताने करायची.

— मग 'अभय' घ्या. मुद्रांक शुल्काची अभय योजना सगळ्यांना ठाऊक आहे : मुदतीत अर्ज करा, दंडातून सुटा. दक्षिण आफ्रिकेत तर भरपाईच्या दिवाणी दाव्यातूनही सुटका होती. त्याविरुद्ध पोलिस कोठडीत मरण पावलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांचे कुटुंबीय व इतर काहीजण न्यायालयात गेले, पण १९९६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कायदा वैध ठरवला.

— खुनाला थकबाकीचा शब्द? कानाला खटकतो. आपला 'माफीचा साक्षीदार' जवळचा वाटतो, त्यालाही सगळे खरे सांगावे लागते. पण तो इतरांविरुद्ध साक्ष देतो, म्हणून तोही नाही. 'सशर्त अभय' लिहावे, अट नावातच दिसते.

— अटीची दुसरी बाजूही लिहा : अर्ज केला नाही किंवा फेटाळला गेला, तर खटला. तिथेच गाडे अडले. तीनशेहून अधिक प्रकरणे सरकारी वकिलांकडे गेली, उभे राहिले ते मोजकेच खटले. वर्णभेदविरोधी कार्यकर्ते अहमद तिमोल १९७१ मध्ये पोलिस कोठडीत मरण पावले, पोलिसांनी आत्महत्या म्हटले. २०१७ मध्ये न्यायालयाने तो खून ठरवला. आरोपी माजी पोलिस २०२१ मध्ये वारला, खटला चाललाच नाही. उशीर झाला की साक्षीदारही जातात. हे खटले राजकीय दबावाने रोखले गेले का, हे तपासायला २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी चौकशी आयोग नेमला.

— 'नुकसानभरपाई'बद्दलही शंका आहे. सत्य व सलोखा आयोगाने पीडितांना सहा वर्षे दरवर्षी रक्कम द्यायला सुचवले होते. सरकारने २००३ मध्ये एकदाच ३०,००० रँड ठरवले, सगळ्यांना सारखेच आणि तेही आयोगाच्या यादीत नाव असेल तरच. आपल्या सरकारी भाषेत याला 'सानुग्रह अनुदान' म्हणतात.