डॉटनेटचा प्रकल्प कंटेनरमध्ये फक्त चालवावा की बांधावाही? सल्ला हवा आहे

अंबडकर_८

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड भागात आमचा लहानसा गट आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या कांदा व्यापाऱ्यांसाठी आवक, वजन आणि हिशोबपट्टी यांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट ८ या मंचावर लिहिले असून ते आजवर विंडोज सर्व्हरवर चालत आले आहे. आता ते उबंटू (लिनक्स) सर्व्हरवर डॉकरमधून, म्हणजे लागणाऱ्या सर्व फाइलींसह वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये), चालवायचे ठरले आहे. बांधणी (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे) लॅपटॉपवर करून तयार फाइली कंटेनरमध्ये टाकाव्यात, की बांधणीही कंटेनरमध्येच करावी? शिवाय अल्पाइन या छोट्या लिनक्सची इमेज (कंटेनर ज्यातून उभा राहतो तो साचा) सर्वांत लहान असते म्हणून तीच घ्यावी, असे आमच्यातल्या काहींचे मत आहे. सर्वांचे लॅपटॉप विंडोजचे आहेत.

गोदाकाठ

बांधणीही कंटेनरमध्येच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लॅपटॉपवर बांधल्यास प्रत्येकाकडच्या एसडीकेची (बांधणीच्या साधनसंचाची) आवृत्ती निराळी निघते आणि मग एकाकडे चालणारी गोष्ट सर्व्हरवर का अडते, हे शोधण्यात दिवस जातो. डॉकरमध्ये २०१७ पासून एकाच डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) अनेक टप्पे लिहिता येतात. पहिल्या टप्प्यात एसडीकेची मोठी इमेज घेऊन बांधणी करावी आणि दुसऱ्या टप्प्यात एएसपी डॉटनेटची रनटाइम (फक्त चालवण्यापुरती) इमेज घेऊन तीत केवळ प्रकाशित फाइली उचलाव्यात, म्हणजे कंपायलर ग्राहकाच्या सर्व्हरवर जातच नाही.

डॉकरफाइलमधला क्रम महत्त्वाचा आहे. आधी फक्त सीएसप्रोज (प्रकल्पाच्या वर्णनाच्या) फाइली कॉपी करून रिस्टोअर (पॅकेजे उतरवण्याची आज्ञा) चालवावे आणि त्यानंतरच उरलेला कोड कॉपी करावा. असे केल्यास कोडमधली एखादी ओळ बदलली तरी न्यूगेटची (डॉटनेटच्या तयार कोडच्या भांडारातली) पॅकेजे पुन्हा उतरवावी लागत नाहीत, कारण तो थर डॉकरने जपून ठेवलेला असतो. बिन आणि ओबीजे ही बांधणीतून निघणारी फोल्डरे डॉकरइग्नोरमध्ये (इमेजबाहेर ठेवायच्या फाइलींच्या यादीत) न विसरता टाका. ओबीजेमध्ये विंडोजवरचे मार्ग लिहिलेले असतात. ते फोल्डर आत गेले की लिनक्सवरची बांधणी 'सी ड्राइव्ह'मधले पॅकेज फोल्डर सापडत नाही अशी तक्रार करून थांबते आणि पाहणारा चक्रावून जातो.

डॉटनेट ८ चा आधार १० नोव्हेंबर २०२६ रोजी संपतो. स्थलांतर करतच आहात, तर डॉटनेट १० चा विचार आताच केलेला बरा.

पंचवटी_लिनक्स

अल्पाइनबाबत मात्र थांबून विचार करा. डॉटनेटच्या नेहमीच्या अल्पाइन इमेजमध्ये आयसीयू, म्हणजे भाषा आणि प्रांतानुसार तारखा, आकडे व वर्णक्रम ठरवणारी माहिती, नसते आणि 'इन्व्हेरियंट' (भाषा-प्रांत न पाहणारी) पद्धत आधीच चालू केलेली असते. अशा स्थितीत कोडमध्ये 'एमआर-आयएन' (मराठी-भारत) ही संस्कृती मागितली की थेट अपवाद फेकला जातो. बरे, आयसीयूचे पॅकेज नंतर बसवले तरी अल्पाइनवरच्या मूळ पॅकेजात इंग्रजीपुरतीच माहिती येते. मराठीसाठी 'आयसीयू-डेटा-फुल' वेगळे घ्यावे लागते आणि इन्व्हेरियंट पद्धत बंदही करावी लागते. लाख-कोटींचे स्वल्पविराम बरोबर पडावेत अशी ज्या सॉफ्टवेअरकडून अपेक्षा आहे, त्याने काही मेगाबाइट वाचवण्यासाठी इतकी यातायात करू नये. डेबियन किंवा उबंटूवरची साधी इमेज घ्या.

मात्र त्या इमेजमध्येही देवनागरी फॉन्ट नसतो. हिशोबपट्टीची पीडीएफ सर्व्हरवर तयार होत असेल, तर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी रिकामे चौकोन उमटतील. 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज डॉकरफाइलमध्येच बसवा आणि चाचणीसाठी 'ज्ञानेश्वर', 'त्र्यंबक' अशी जोडाक्षरांची नावे छापून पाहा. चित्रे काढण्यासाठी सिस्टिम ड्रॉइंग कॉमन हे पॅकेज वापरत असाल, तर ते बदलावे लागेल, कारण डॉटनेट ७ पासून ते विंडोजबाहेर चालत नाही.

कंटेनरचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे साडेपाचच्या आत नोंदवलेल्या ट्रॅक्टरवर आदल्या दिवसाची तारीख पडेल. कंटेनरच्या टीझेड या चलात (वेळक्षेत्राच्या सेटिंगमध्ये) 'एशिया/कोलकाता' लिहून हे सुटते. साठवण यूटीसीत ठेवून दाखवताना वेळ बदलणे अधिक शिस्तीचे आहे, पण जुन्या कोडमध्ये ते लगेच जमेलच असे नाही.

सातपूर_एमआयडीसी

वरील दोघांशी सहमत आहे. रोजचे लिखाण आणि डीबगिंग मात्र लॅपटॉपवरच चालू द्यावे. प्रत्येक बदलासाठी इमेज बांधत बसू नये. कोड कंटेनरला जोडून चालवायचाच असेल, तर तो डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्ये चालणाऱ्या लिनक्सच्या) स्वतःच्या फाइल व्यवस्थेत ठेवा, कारण सी ड्राइव्हवरून जोडलेले फोल्डर फार संथ चालते. कर्मचारी २५० पेक्षा आणि वार्षिक उलाढाल एक कोटी डॉलरपेक्षा कमी असेल, तर डॉकर डेस्कटॉपला पैसे पडत नाहीत. सर्व्हरवर नुसते डॉकर इंजिन पुरते.

अंबडकर_८

सर्वांचे आभार. डेबियनची इमेज घेऊन चाचणी सुरू केली. आधी पान उघडतच नव्हते, नंतर लक्षात आले की डॉटनेट ८ पासून कंटेनर ८० ऐवजी ८०८० या पोर्टवर ऐकतो. आता एकच अडचण उरली आहे: नवी इमेज चढवली की लॉगिन केलेले सर्व व्यापारी बाहेर फेकले जातात.

पंचवटी_लिनक्स

लॉगिनची कुकी ज्या डेटा प्रोटेक्शन किल्ल्यांनी कूटबद्ध होते, त्या कंटेनरच्या आतच साठत आहेत आणि कंटेनरबरोबर पुसल्या जात आहेत. त्या किल्ल्यांचे फोल्डर कोडमध्ये निश्चित करून व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेर टिकणाऱ्या साठ्यावर) ठेवा. कंटेनर रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याऐवजी 'ॲप' या वापरकर्त्याने चालवत असाल, तर त्याचा क्रमांक १६५४ असतो; व्हॉल्यूमची मालकी त्या क्रमांकाला दिली नाही, तर किल्ल्या लिहिल्याच जाणार नाहीत.