वेशभूषेची पदवी : गुण चित्रांना द्यायचे की कामाला?

अस्तर (धागाकर्ता)
पदवी घेऊन आलेली मुलं रेखाटनं सुरेख करतात, पण हातात संहिता दिली की गडबडतात. कोणतं पात्र कोणत्या प्रवेशात काय घालतं, कपडे बदलायला मध्ये किती सेकंद आहेत, रक्ताचा प्रसंग असेल तर त्याच शर्टाच्या किती प्रती लागतील, हा तक्ता मांडता येत नाही. खर्चाचा अंदाज तर सोडाच. शेवटच्या वर्षाचे निम्मे गुण या कामाला द्या, असं माझं स्पष्ट मत.

उसवण
साफ असहमत. तक्ते कामावर पडलं की येतात. काळ, कापड आणि माणसाची चाल वाचणारी नजर घडायला निवांतपणा लागतो, तो नंतर कुणी देत नाही. तुम्ही सहायक तयार कराल, डिझायनर नाही.

टाचणी
नजर म्हणजे रेखाटनच का? हॉलिवूडची वेशभूषाकार एडिथ हेड पॅरामाउंट फिल्म स्टुडिओत नोकरी मागायला गेली तेव्हा तिने सहविद्यार्थ्यांची चित्रं स्वतःची म्हणून दाखवली. नंतर तिनेच ते कबूल केलं. आणि पुढे मिळवले 8 ऑस्कर!

उसवण
म्हणजे अभ्यासक्रमात चोरी ठेवायची का? :) तिथले डिझायनर हॉवर्ड ग्रीअर, ट्रॅव्हिस बँटन यांच्या हाताखाली राबून ती 1938 मध्ये मुख्य डिझायनर झाली. कामावरच शिकली की! माझाच मुद्दा.

अस्तर
तो स्टुडिओ पगार देऊन वर्षानुवर्षं माणूस घडवत होता. आता निर्मिती संपली की टीम पांगते. शिकवणार कोण आणि कधी?

टाचणी
फिटिंगचंच बघा. नटाला हात वर करायला लावायचं, खाली बसवायचं, माइकचा ट्रान्समीटर पाठीत टोचतोय का ते पाहायचं. कंबर घट्ट होतेय, तो अवघडलाय. अशा वेळी 'वजन वाढलंय का?' हे न विचारता टाचण्या काढायच्या, शिवणीत माया (आत ठेवलेलं जादा कापड) सोडली असेल तर तिथल्या तिथे उसवून द्यायचं. मायाच ठेवली नसेल तर बसा रडत. यात नजर किती, कौशल्य किती, वेगळं काढून दाखवा.

रंगपट
फक्त 'प्रत्यक्ष अनुभव' म्हणजे फुकट इस्त्री करून घेणं नको. असले अनुभव ढीगभर पाहिलेत.

उसवण
रंगपट, +1. टाचणी, फिटिंगला गुण द्या, मान्य. पण खर्चाच्या तक्त्याला निम्मे? ते हिशेबनिसाचं काम.

अस्तर
पोशाख तीस, पैसे वीसचे. कोणते दहा जुन्या साठ्यातून काढायचे, कोणते भाड्याने आणायचे, नायिकेचा कोणता नव्याने बेतायचा, हे हिशेबनीस ठरवणार?

उसवण
नाही. पण ते ठरवायला नाटक कळावं लागतं, एक्सेल नव्हे.