मदत हवी आहे: १९४३ साली इटलीत कामी आलेल्या चुलत आजोबांची नोंद कशी शोधावी?

नमस्कार मंडळी.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. गाव जावळी तालुक्यातलं, जिल्हा सातारा. (नाव इथे उघड टाकत नाही, मदत करू शकणाऱ्यांना व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, करतो.) वय विशीच्या आतबाहेर, लग्न ठरलेलं पण झालेलं नव्हतं. १९४३ ची दिवाळी होऊन गेली होती, खळ्यावर भाताची झोडणी चालू होती, तेव्हा घरी तार आली. इंग्रजी वाचणारं गावात कुणी नाही, म्हणून मेढ्याहून एका मास्तरांना बोलावून आणलं. संध्याकाळपर्यंत आजी, म्हणजे माझी पणजी, ती तार पदराला बांधून बसून होती. हे सगळं थोरल्या आत्याने पाहिलेलं. तेव्हा ती आठेक वर्षांची होती, आता नव्वदीला टेकली आहे.

तारेचा कागद कधीच गेला. उरलंय ते एक पदक. सहा टोकांची चांदणी, लाल-पांढरी-हिरवी फीत. देवघरात असल्यामुळे त्यावर हळदीकुंकवाची पुटं चढली आहेत. नेमकी तिथी माहीत नाही आणि मरण शस्त्राने आलेलं, म्हणून आमच्याकडे त्यांचं पान घातचतुर्दशीला वाढतात.

आत्याचा प्रश्न एकच आहे आणि तो ती गेली कित्येक वर्षं विचारते आहे: "त्याला अग्नी दिला का रं, का मातीत घातला?" मला खरंच उत्तर माहीत नाही. एका कार्यालयात अर्ज दिला होता, पोच मिळाली, पुढे काही नाही. पलटणीतला त्यांचा नंबर किंवा कागदपत्रं नसताना शोध कुठून सुरू करायचा? आणि तिकडे आपल्या लोकांचे अंत्यविधी कसे होत असत? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

आत्याबाईंना उत्तर मिळू शकेल असं वाटतंय. आधी ते पदक स्वच्छ करा, पण पितांबरी लावून घासू नका, मऊ फडक्याने हलकेच पुसा. वर्णनावरून तो 'इटली स्टार' आहे. भारतीय सैनिकांच्या पदकांवर बहुतेक वेळा मागच्या बाजूला नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. नंबर मिळाला की अर्धं काम झालं.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात पडलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर जा. शोध फुकट आहे. आडनावावर फार विसंबू नका. कित्येक नोंदींत ते नसतंच, नुसतं नाव आणि खाली 'अमक्याचा मुलगा, गाव अमुक, सातारा'. स्पेलिंग कारकुनाच्या कानाला जसं आलं तसं, त्यामुळे गावाचं नाव मोठ्याने वाचून बघा, डोळ्यांनी ओळखू येणार नाही.

१९४३ म्हणजे बहुधा पहिली बटालियन. तिसरी इटलीत आली १९४४ मध्ये. नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीस ८ वी भारतीय डिव्हिजन सांग्रो नदी ओलांडून मोझाग्रोन्या गावावर चढली, आणि पहिली मराठा त्याच डिव्हिजनमध्ये होती. तिथल्या माणसांची नोंद टोरिनो दी सांग्रोजवळच्या युद्ध स्मशानभूमीत सापडण्याची शक्यता जास्त. तिथे अडीच हजारांवर थडगी आहेत, आणि त्याच आवारात दहन झालेल्या भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे, त्यावर पाचशेच्या वर नावं. नाव त्या स्मारकावर असेल तर अग्नी मिळाला. धुमश्चक्रीत दहन जमलं नाही तर मातीत ठेवत. अशा हिंदू सैनिकाच्या दगडावर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं असतं. दोन्हीकडे नसेल तर कॅसिनोचं स्मारक बघा, ज्यांची थडगी सापडलीच नाहीत अशी चार हजारांवर नावं तिथे आहेत. तिसऱ्या मराठाचे, माणगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला लढाईत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा आहे, तरी त्यांचंही नाव तिथेच.

धागाकर्ता

मनापासून आभार! पदकाच्या मागे नंबर निघाला. अक्षरं पुसट आहेत, मोबाइलची बॅटरी तिरकी धरल्यावर वाचता आली. त्या नंबरवर नोंद मिळाली. पणजोबांचं नाव बरोबर आहे, गावाचं स्पेलिंग मात्र असं की मीही दोनदा उच्चारून पाहिलं. तारीख नोव्हेंबरअखेरची, ठिकाण तुम्ही म्हणालात तेच, सांग्रो. दहनाच्या स्मारकावर नाही, स्वतंत्र थडगं आहे, रांग आणि क्रमांकासकट. आत्याला फोनवर सांगणार नाही, रविवारी गावी जाऊन सांगेन.

आता दोन गोष्टी हव्यात. इटलीत, रोम किंवा पेस्काराच्या बाजूला, कुणी मराठी मंडळी असतील आणि त्या बाजूला जाणं झालं तर दगडाचा एक फोटो काढाल का? अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. दुसरं, शके १८६५ चं जुनं पंचांग कुणाकडे असेल तर कार्तिक-मार्गशीर्षाच्या पानांचा फोटो पाठवा. तिथी काढायची आहे.