तरुण संशोधकांच्या पुरस्काराला वयाची अट: किती आणि का?

नौपाडेकर
भाचा कंडेन्स्ड मॅटरमध्ये, म्हणजे घन-द्रव पदार्थांच्या भौतिकशास्त्रात, पीएचडी करतोय. रविवारी घरी आला तेव्हा ली-ओशेरॉफ-रिचर्डसन पुरस्काराचा विषय निघाला. अतिशीत तापमानात आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रात काम करणाऱ्या, अमेरिका खंडांतल्या तरुण संशोधकांना तो देतात. नावातला ओशेरॉफ १९७१ साली कॉर्नेलमध्ये विद्यार्थी होता, वय २६. हेलियम-३ थंड करताना दाबाच्या आलेखात त्याला एक बारीकशी खोच दिसली. दुसऱ्या कुणी यंत्राचा दोष म्हणून ती सोडून दिली असती. हा तिच्या मागे लागला आणि त्यातून हेलियम-३ची अतिप्रवाहिता, म्हणजे घर्षणाशिवाय वाहण्याचा गुण, सापडली. नोबेल मिळालं १९९६ला, म्हणजे पंचवीस वर्षांनी!

आपल्याकडे विज्ञानातल्या भटनागर पुरस्काराला वयाची मर्यादा ४५ आहे. माझं स्पष्ट मत, ती ३५ करावी. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस प्रोफेसर झालेला असतो, स्वतःची लॅब असते. खरी गरज त्याआधी असते. जेआरएफचे, म्हणजे पीएचडी करतानाच्या शिष्यवृत्तीचे, महिना ३७ हजार घेऊन ठाण्यात घरभाडं भरणाऱ्या मुलाला "तुझं काम कुणीतरी पाहिलं" हे कळायला हवं. भाचा म्हणाला, "मामा, नोकरीच्या मुलाखतीला जाताना उपयोग झाला तर खरा."

खारघरची मीनल
दादा, कळकळ पटली, ३५ नाही पटलं.

मी बरीच वर्षं स्फटिक वाढवायचं काम केलं. क्वार्ट्झच्या नळीत कच्चा माल भरून नळी निर्वात करून सीलबंद करायची, भट्टी हजार अंशांच्या वर न्यायची आणि मग तासाला दोन अंश या वेगाने उतरवायची. अडीच आठवडे भट्टी हलवायची नाही, उघडायची नाही. एकदा सोळाव्या रात्री वीज गेली. सकाळी नळीत राखाडी खडा होता, स्फटिक नव्हता. पुन्हा पहिल्यापासून. अशी दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि त्यात माणसाचा आळस काही नसतो.

त्यातच मुलगा झाला. रजेवरून परत आले तेव्हा माझी भट्टी दुसऱ्याला दिलेली होती. ३५ची अट असती तर मी अर्जसुद्धा करू शकले नसते. वय मोजू नका, पीएचडीनंतरची वर्षं मोजा. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या स्टार्टिंग ग्रँटला असंच मोजतात आणि आईला प्रत्येक मुलामागे १८ महिने वाढवून देतात.

ऐरोलीकर
मला तर तरुणांसाठी वेगळा पुरस्कारच धोक्याचा वाटतो. यान हेंड्रिक शोन आठवतो का? अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत होता, हेच क्षेत्र. तिशीत भराभर शोधनिबंध, तरुण संशोधकांचे पुरस्कार, सगळीकडे वाहवा. २००२मध्ये चौकशी समितीने २४ पैकी १६ आरोपांत गैरवर्तन झाल्याचं सांगितलं. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत नॉइज, म्हणजे मोजमापातली आपोआप येणारी बारीक थरथर, तीसुद्धा हुबेहूब सारखी होती. घड्याळ लावून बक्षीस ठेवलं की घाई होते, आणि ज्या कामाला मीनलताई म्हणतात तसे अडीच आठवडे लागतात तिथे घाई म्हणजे खोटेपणाला आमंत्रण.

नौपाडेकर
ढेकूण झाले म्हणून घर जाळत नाहीत. शोनचे आकडे दुसऱ्या लॅबमध्ये कुणाला मिळेनात, तरी पुरस्कार देणारे थांबले नाहीत. चूक तपासणीची होती. दुसऱ्या लॅबने पडताळल्याशिवाय पुरस्कार नाही, असा नियम करा ना!

कोपरीचे मास्तर
तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून लिहितो. उच्च तापमानाची अतिवाहकता, म्हणजे विजेला अजिबात रोध न होणं, १९८६ साली सापडली ती म्युलर आणि बेडनोर्त्स यांना. पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं तेव्हा म्युलर ६० वर्षांचे, बेडनोर्त्स ३७चे. नौपाडेकरांची अट लावली असती तर यातला तरुणही म्हातारा ठरला असता!

आणि आपल्या कुलाब्याचं घ्या. तिथल्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बिस्मथ या धातूचा स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम अर्धा सहस्रांश अंश वर, अतिवाहक होतो हे दाखवलं. बिस्मथमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन इतके थोडे, की हे होईल अशी अपेक्षाच नव्हती. २०१६च्या त्या निबंधावर चार नावं आहेत. स्फटिक वाढवणारा कोण, तो इतका थंड करणारा कोण, त्यातल्या एकाला मंचावर बोलावून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवायचं का? तरुणांना जरूर द्या, पण गटाला द्या.

नौपाडेकर
मास्तर, गटाला दिलं की नाव पुन्हा गाइडचंच लक्षात राहतं. विद्यार्थ्याचं नाव वेगळं उच्चारलं जावं म्हणून तर हा सगळा खटाटोप. एवढं मात्र सोडत नाही. पण मीनलताई, ३५चा आग्रह मागे घेतो. पीएचडीनंतर आठ वर्षं धरा.

ऐरोलीकर
आणि रजा, आजारपण, बंद पडलेली भट्टी हे सगळं कोण तपासणार? प्रत्येक जण काहीतरी कारण आणेल.

खारघरची मीनल
भट्टीचं राहू द्या, ते मी सोडून देते. मुलाच्या जन्मदाखल्यावर तारीख असते. ती बघायला समितीला दोन मिनिटं लागतील.