‘विलीनीकरण’ की ‘एकत्रीकरण’? आणि ‘…हा शब्द दाखल करण्यात यावा’ मराठीत कुठे अडतो

प्रश्न (फोंडा; पुढे प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचे गाव)
कॅलिफोर्नियाच्या कायद्यावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. १ जानेवारी २००९ रोजी तिथे आपत्कालीन सेवा कार्यालय आणि गृहसुरक्षा कार्यालय या दोहोंची मिळून एक एजन्सी झाली. १ जुलै २०१३ रोजी ती पुन्हा ‘आपत्कालीन सेवा कार्यालय’ झाली. मर्जरला ‘विलीनीकरण’ लिहावे का? आणि इमर्जन्सी मॅनेजमेंट म्हणजे आपत्ती, आपत्कालीन की आणीबाणी व्यवस्थापन?

डिचोली
मीठ पाण्यात विलीन होते, पाणी मिठात नव्हे. या शब्दाला दिशा आहे. दोन्ही कार्यालये मोडून तिसरी संस्था उभी राहिली, तर ‘एकत्रीकरण’. फेमा (अमेरिकेची संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्था) १ मार्च २००३ रोजी गृहसुरक्षा विभागात गेली, पण नावानिशी टिकली. तिथे ‘विलीन’ जरा जास्त होते, ‘समाविष्ट’ बरे.
शिवाय गोव्यातल्या कानाला ‘विलीनीकरण’ म्हटले की गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावरचा १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल आठवतो: विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पाने. कचेऱ्यांच्या जोडाजोडीला तो शब्द वापरलात तर मथळा वाचणारा आधी दचकेल.

म्हापसा
आणीबाणी नको. तो शब्द घटनेच्या अनुच्छेद ३५२ने आणि १९७५ने अडवून ठेवला आहे. ‘व्यवस्थापन’पूर्वी ‘आपत्ती’ लावा, २००५च्या केंद्रीय अधिनियमाचे मराठी नावही तेच. ‘सेवा’पूर्वी मात्र ‘आपत्कालीन’. आपल्याकडचे अग्निशमन खातेही ‘आपत्कालीन सेवा’च लावते. ‘आपातकालीन’ हिंदीतून आलेले, ‘आपत्तकालीन’ सरळ चूक: आपद् + काल, द् चा त् होतो, एकच.
आणखी एक. ‘प्राधिकरण’ म्हणजे मंडळ, ‘प्राधिकारी’ म्हणजे व्यक्ती. त्याच अधिनियमाच्या कलम १४ने राज्य प्राधिकरण होते, कलम २५ने जिल्हा प्राधिकरण. मुख्यमंत्री आणि जिल्हाधिकारी अनुक्रमे त्यांचे अध्यक्ष, ‘प्राधिकारी’ नव्हेत.

मडगाव
शब्द ठरले तरी खरी अडचण पुढे आहे. कार्यालये एकत्र झाल्यावर जुने नाव ज्या ज्या कलमात आहे तिथे बदलावे लागते. इंग्रजीत एक वाक्य पुरते. मराठीत तेच असे होते: ‘“कार्यालय” हा शब्द जेथे जेथे आला असेल तेथे तेथे त्याऐवजी “यंत्रणा” हा शब्द दाखल करण्यात यावा.’ आता हे मूळ कलमाला लावून बघा:
‘कार्यालयाने त्याच्याकडील नोंदी जपून ठेवाव्यात.’
शब्दशः बदलले की ‘यंत्रणाने त्याच्याकडील’. हवे ‘यंत्रणेने तिच्याकडील’. सामान्यरूप वेगळे, लिंग वेगळे, आणि ‘त्याच्याकडील’मध्ये तर जुना शब्द नाहीच, म्हणजे शोधूनही सापडणार नाही. तुमच्या मजकुरात हे दोनदा होईल: २००९ला नपुंसकलिंगी कार्यालयाची स्त्रीलिंगी एजन्सी झाली, २०१३ला परत नपुंसकलिंगी. म्हणून सूत्राच्या शेवटी ‘आणि त्यास अनुसरून व्याकरणदृष्ट्या आवश्यक ते बदल करण्यात यावेत’ हे हवेच.
संगणकावर पूर्ण शब्द शोधू नका, खोड शोधा. ‘प्राधिकारी’ शोधले तर ‘प्राधिकाऱ्याने’ निसटते. त्यात ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने, एकदा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर बहुधा सारखेच दिसतात, शोधयंत्राला वेगळे. ‘प्राधिक’ एवढेच टाका. प्राधिकरणेही वर येतील, ती डोळ्यांनी वेगळी करा. मग संक्षेप, मग प्रमुखाचे पदनाम, शेवटी अनुसूची आणि नमुने. अनुसूचीकडे दुर्लक्ष ठरलेलेच.

फोंडा
आणि ‘रिपील अँड सेव्हिंग्ज’ या कलमाला काय म्हणावे?

मडगाव
निरसन व व्यावृत्ती, म्हणजे जुना कायदा संपवणे आणि त्याखालचे जे टिकवायचे ते शाबूत ठेवणे. ‘रद्द करणे’ बातमीला चालते. पण त्यातून जुने आदेशही संपले असा समज होतो, आणि व्यावृत्ती नेमकी तेच टाळते. आपल्याकडे केंद्रीय अधिनियमांपुरते हे काम सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७चे कलम २४ करते: अधिनियम निरसित होऊन पुन्हा अधिनियमित झाला, तर जुन्याखालचे आदेश आणि नियम नव्याशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात.

डिचोली
आणि अमेंडमेंटला ‘सुधारणा’ लिहा. ‘दुरुस्ती’ घटनेला आणि पंपाला.

फोंडा
मग पहिले वाक्य असे: ‘दोन कार्यालयांचे एकत्रीकरण होऊन एजन्सी स्थापन झाली व त्याच्या संचालकास जुने अधिकार मिळाले.’

म्हापसा
तिच्या.